मागच्या रांगेतली सतरंजी

मी एक सतरंजी बोलतेय. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, सुती. कुणी जोरात शिंकलं तरी दचकते मी. पण डूख धरायला धीटपणा लागत नाही.

कळवणच्या बाजारातून सिंधुबाईने मला घेतलं. कांदा लावण्यात, निंदण्या-खुरपण्यात तिची हयात गेली. मुलाने तिला नाशकात इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा बोचक्यातून मीही आले. दिवसभर घरात बोलायला माणूस नाही. सकाळी बागेतला बायकांचा योगवर्ग, तेवढाच तिचा हक्काचा तास.

वर्ग घेणाऱ्या वत्सलाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. साठी उलटलेल्या बायकांचीही हजेरी घ्यायच्या! इतरांच्या गुळगुळीत मॅट पुढे, आम्ही दोघी पार मागे, कचराकुंडीपाशी. येता-जाता बाई चपलेसकट माझ्यावरून जात. एकेक पाऊल मी मनात ठेवलं.

योगदिनाच्या आठवडाभर आधी त्या आमच्यापाशी आल्या.

"सिंधुबाई, नऊवारीत कुठे योग होतो? उगाच वर्गाची शोभा! असं करा, मलासनात माझ्याइतकं टिकून दाखवा. नाही जमलं तर उद्यापासून घरीच बसा."

सिंधुबाईचा चेहरा उतरला. "ते कसं करत्यात वो, बाई?"

"टाचा टेकवून, हात जोडून उकिडवं बसायचं."

"एवढंच व्हय?"

काष्टा सावरून ती माझ्यावर बसली, निंदायला बसावं तशी. माझ्या उरलेल्या अर्ध्या भागावर वत्सलाबाई. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या टाचा उचलल्या. तिसऱ्याला पोटऱ्या थरथरू लागल्या. मी मनात घोकत होते, पड, पड! आणि बाई धपकन पडल्या. उठता येईना, तसा त्यांनी हात पुढे केला.

सिंधुबाईचे हात जोडलेलेच. "थांबा बाई, माझं अजून व्हायचंय. तवर हजेरी घ्या की!"

पुढच्या मॅटवरच्या सविताताईंना हसू आवरेना. मग सगळी रांगच हसत सुटली.

आता आम्ही पहिल्या रांगेत असतो. माझी वीण उसवलीय, रंग विटलाय. मी मऊ, म्हणून बाईंना त्या दिवशी लागलं नाही, ही सल मात्र जात नाही.

बायांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी मागे बसवलेली असेल. तिला आजच पुढे बोलवा. ती आपल्या पायांनी पुढे आली, तर हात देईलच असं नाही.