सम्मेदच्या कोपराचं माप

कुपवाडच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एक खुंटी होती. भिंतीला खुंटी, खुंटीला पट्टी, पट्टीला सम्मेदचा हात. म्हणजे हाताचं माप. भिंतीवरचं घडीचं टेबल त्यानं पहिल्यांदा केलं तेव्हा तो खुर्चीत बसला, कोपर काटकोनात धरलं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत सागवानी पट्टी कापून घेतली. कुठल्याही ऑफिसात गेलं की पट्टी भिंतीशी उभी करायची, टोकाशी पेन्सिलीची रेघ ओढायची. रेघेवर टेबल. टेबलाच्या वर दिवा, हेडफोनचा हूक, चार्जिंगचा खण. टेप कुणी काढायचंच नाही.

सम्मेद सहा फूट उंच. पण रेघ ओढली की तो गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि रेघ चार बोटं खाली घ्यायचा. ते खाली घेणं त्याच्या डोळ्यात होतं, पट्टीत नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. पट्टी राहिली.

पहिली तक्रार सांगलीच्या एका ऑफिसातून आली. टेबल उंच होतंय. सम्मेदचे वडील रामगोंडा अण्णांनी सुनेला, म्हणजे सम्मेदच्या बायकोला, रूपालीला, खुर्चीत बसवलं, तिच्या कोपराच्या मापानं प्लायची नवी पट्टी केली आणि जुनीच्या शेजारी टांगली. जुनी काढायचं कुणी बोललं नाही.

मग वाईला आठ टेबलं गेली. घाटाजवळच्या एका छोट्या ऑफिसात सगळ्या मुलीच कामाला. तिथून फिटर जोतीराम परत आला तो दारातच उभा राहिला.

"आवं वैनी, पुन्हा तेच झालं."

"काय झालं?" रूपालीनं विचारलं.

"पोरी म्हणत्यात, ह्यो टेबल हाय का देवघराचा कट्टा? माना वर करून टायपिंग करत्यात. कोंबडी पाणी पितीया, तशा. तितली मोठी, अपेक्षा म्याडम, म्हणली, आठवड्यात खाली घ्या, न्हाईतर आठीच्या आठी काढून न्या."

"नवी पट्टी नेली नव्हतीस?"

जोतीरामनं टोपी काढली. "न्यायचीच हुती. हात जुनीवर गेला. सात वर्सं त्योच हात हाय, वैनी. घेतलेलं कळलंबी न्हाई."

अण्णा फळीला घासकागद मारत होते. घासायचे थांबले. "मग जुनी आत ठेव कपाटात."

"ठेवा की. पर मी तितं बी हुडकत जाईन, अण्णा."

रूपालीनं दोघांकडं पाहिलं. नमुन्यासाठी भिंतीला लावलेल्या टेबलावर तिचा चहा गार झाला होता, साय धरली होती. कुणी काही विचारलं की ती उत्तर द्यायची, कुणी वाढलं की जेवायची. रडून झालं का, असं माहेरची माणसं फोनवर विचारायची. ती "हो" म्हणायची.

तिनं खुंटीवरून जुनी पट्टी काढली. नवी तिच्यावर ठेवली, टोकं जुळवली. दुसऱ्या टोकाला सागवान चार बोटं पुढं आलं. तिनं पेन्सिल घेतली.

"नवी फेकून दे," ती जोतीरामला म्हणाली. "तुझा हात जातो तिकडंच जाऊ दे. पट्टीच बरोबर करू."

"मी न्हाई कापायचो," जोतीराम म्हणाला.

"तुला कोण सांगतंय?"

तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी आरी उचलली, जरा वेळ हातात धरली, आणि मूठ तिच्याकडं करून पुढं केली.

ती कापायला लागली. सागवान जुनं होतं, आरी सरळ चालली. रेघेच्या मध्यावर ती थांबली. आता रडू येईल, असं वाटलं. बाहेरून एक मोटारसायकल गेली. रडू आलं नाही. तिनं उरलेलं कापलं. तुकडा फरशीवर पडला, लहानसा आवाज झाला.

अण्णांनी तो उचलला, कडा अंगठ्यानं पुसल्या. "मोबाईलच्या स्टँडला होईल," असं म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात घातला. आत बसेना. अर्धा वर राहिला.

जोतीरामनं वाईला फोन लावला. "व्हय म्याडम, उद्याच येतो. न्हाई, आता न्हाई चुकायचं."

रूपालीनं पट्टी खुंटीला अडकवली. भिंतीवर पट्टीच्या नव्या टोकाखाली चार बोटं जागा उजळ दिसत होती, बाकी सगळीकडं धूळ. ती नमुन्याच्या टेबलाशी जाऊन बसली आणि गार चहा प्यायली.