सरदाराची वाक्यं

"आंटी को बोलो ना कोई. अंकल आधा डायलॉग खा जाते हैं, मैं जाल में पड़ी-पड़ी राह देखती रहती हूँ."

पडद्यापलीकडे, हातभर अंतरावर, राधिका पुटपुटत होती. विंगेत स्टुलावर बसलेल्या वनमालाबाईंनी मांडीवरची वही उगाच सरळ केली. राधिकाचं मराठी नाटकापुरतं. तक्रार, लाडीगोडी सगळं हिंदीत. पण पोट्टी खोटं बोलत नव्हती.

फक्त डायलॉग देवदत्तराव खात नव्हते, वनमालाबाईच कापत होत्या. दोन महिने झाले, दुपारची भांडी आवरली की त्या पेन्सिल घेऊन बसत आणि आपणच लिहिलेल्या नाटकातली नवऱ्याची वाक्यं खोडत. चाच्यांच्या सरदाराचं पानभर भाषण आधी सहा ओळींवर आलं, मग दोनवर, मग नुसतं "शिडं उभारा!"

रायपूरच्या मंडळाने गणपतीत समुद्री चाच्यांचं नाटक करावं, याचं हसू आधी त्यांनाच आलं होतं. इथून समुद्र गाठायचा तर रात्र रेल्वेत काढावी लागते. जहाज म्हणजे सिलतऱ्याच्या कारखान्यांतून आणलेल्या पॅकिंगच्या फळ्या, आणि समुद्र म्हणजे मंडळातल्या भावना नि रीना दोन टोकांना धरून हलवत ती निळी साडी. सरदार मात्र अस्सल. रेल्वेच्या वॅगन-दुरुस्तीच्या शॉपातून निवृत्त झालेले देवदत्तराव वीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकात होते. आवाज असा, की मागच्या रांगेत पेंगणारा ताठ बसावा.

हल्ली ते भनपुरीला म्हणून निघत आणि चौकातून परत येत, काम काय होतं ते विचारायला. वनमालाबाई काम सांगत, वर काही बोलत नसत. मंडळातही कोणी बोललं नाही. दिग्दर्शक सुशीलने तलवारबाजी वाढवली. उपसरदार झालेला शेखर "सरदार, शिडं उभारायची ना?" असं विचारून हुकूम आधीच सुचवून देई. आणि सरदार अडखळला की निळ्या साडीत बराच वेळ वादळ उठे.

"चला, शेवटचा प्रवेश!" सुशील ओरडला.

जाळ्यातल्या समुद्रकन्येला सरदाराने, कधी कोणाला न सांगितलेली एक खरी गोष्ट सांगायची. तसं झालं तर तिच्या शेपटीचे पाय होणार आणि ती त्याच्यासोबत किनाऱ्यावर चालत येणार. वाक्य एकच होतं. तेवढं वनमालाबाईंनी कापलं नव्हतं.

"बोल सरदारा," राधिका म्हणाली, "मी ऐकते आहे."

साडी हलत राहिली.

"मला समुद्राची भीती वाटते," वनमालाबाईंनी विंगेतून दिलं. मग जरा मोठ्याने, पुन्हा.

देवदत्तरावांनी वळून बायकोकडे पाहिलं. मग पत्र्याची तलवार फळीवर ठेवली, आवाज न करता.

"सुशील, थांबव."

"काका, पाणी घ्या. काकूंचा आवाज पोहोचला नसंल, पंख्याचा आवाज किती..."

"पोहोचला. तिचा आवाज मले पोहोचला नाही, असं कधी झालंच नाही."

साडी खाली आली.

"तलवारबाजी तू काहून वाढवली, मले समजते. बरं केलं, बाप्पा. हा शेखर मले पुढचं सांगून राहिला, अन् ह्या पोरी हात दुखेतोवर समुद्र हलवून राहिल्या. एवढं कोण करते कोणासाठी?"

रीना साडीची घडी घालू लागली. ती काही जमेना.

देवदत्तराव विंगेपाशी आले आणि त्यांनी वहीवर तळवा ठेवला.

"अन् तू. दुपारी रोज आपलंच लिहिलेलं खोडतेस. मी पेपरमागून पाहतो."

"अहो, ते लांबत होतं म्हणून..."

"लांबत नव्हतं. चांगलं होतं." त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "सगळं परत लिही. शेखर करंल सरदार, मी खाली बसून ऐकीन."

कोणीतरी "नाही हो काका" म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून ते थांबवलं आणि बायकोकडेच पाहत राहिले.

"मले पाठ राहत नाही आता, वनमाला. काहीच राहत नाही."