बघणाऱ्यांची दृष्ट

मी गोल दिवा बोलतोय. व्हिडिओ काढणारे मला रिंगलाइट म्हणतात. मधे मोबाईल अडकवायचा, भोवती माझा उजेड अन् समोर माणूस. एवढाच माझा धंदा.

माझे पहिले दिवस मंठ्याला, राधेश्याम शेठच्या दुकानात मजेत गेले. शेठ गिऱ्हाइकाला आधी चहा पाजायचे, मग म्हणायचे, "म्हैस उभी करा याच्यापुढं, हिरोईन दिसंल!" एक नवरदेव मला घेऊन गेला अन् अंगावरची हळद उतरायच्या आत परत आला. "शेठ, हा तर तोंडावरचे फोडबी दाखवून राह्यला!" शेठ पोट धरून हसले. माणसांची हौस पुरवणारा मी, असं तेव्हा मला वाटायचं.

मग वाटूरच्या भारत आणि दीपमालानं मला नेलं. त्यांची लेक प्रियदर्शनी, घरात छकुली. ती अंगणात कोंबडीला रागावतानाचा व्हिडिओ गावोगाव फिरला होता. तेव्हापासून रोज नवा हवा. जेवताना, आंघोळीला जाताना रडली तर, तापात बडबडली तर. तिच्या डोळ्यांत मी मला दिसायचो. दोन पांढरी कडी.

दीपमाला वाईट बाई नव्हे. व्हिडिओ झाला की मीठ-मिरच्या घेऊन लेकीवरून उतरवायची. चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही की म्हणायची, "लई नजर लागली बाई."

"कोणाची, आई?"

"बघणाऱ्यांची."

"मंग दाखवती कशाला?"

भारत खदखदून हसला. "भारी बोलली! लाइट लाव गं. छकुले, पुन्हा म्हण."

छकुलीला ते हसत म्हणता येईपर्यंत म्हणायला लावलं. पुढं दृष्ट काढण्याचाही व्हिडिओ झाला. अन् तो लोकांनी बघितला म्हणून मोबाईल बाजूला ठेवून परत दृष्ट!

एका दुपारी दारात अनोळखी माणूस उभा राहिला. पत्ता कोणी दिला नव्हता. व्हिडिओत मागं दिसणारी पाण्याची टाकी अन् हिरवं दार शोधत तो आल्ता.

"छकुली, ताप उतरला का गं? तुझी फुलाफुलांची गोधडी कुठंय?"

छकुली माझ्या स्टँडमागं लपली. तिनं दांडा इतका घट्ट धरला की मीच हलायला लागलो.

"फॅन हायेत!" भारत खूश. "दीपे, चहा ठेव. छकुले, मामाच्या शेजारी बस. अजून जवळ सरक."

मी पेटलो. मला दुसरं काय येतं?

पाहुणा गेल्यावर दीपमाला मिरच्या घेऊन आली. छकुलीनं तिचा हात धरला. "मिरच्या नको, आई. त्यांना परत येऊ देऊ नको."

दीपमालानं नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये. "अगं, लोक लिहून राह्यले, मामाला परत बोलवा!"

तिच्या मुठीतलं मीठ घामानं ओलं झालं होतं. 

आता काम नसलं की छकुली माझ्यावर टॉवेल टाकते. टॉवेलाला तोंड लावून हळूच विचारते, "बघून राह्यले का अजून?" तिला उत्तर द्यायला मला तोंड न्हाई, म्हणून तुम्हाला सांगतोय. माझं बटण भारतच्या हातात आहे, पण डोळे तुमचे आहेत. छकुली समोर आली तर बघू नका, बाबांनो. कौतुकानंही नको.

भारतनं पाहुण्याला फोन केला, तो उद्या परत येतोय. माझ्यासमोर नवी सतरंजी अंथरून झाली आहे.