धाकटीची अंगठी, थोरलीचं बोट

धाकटीने साखरपुड्याची अंगठी बोटातून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा आईने तिच्याकडे बघून डोळे वटारले. थोरली पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. पण गेली दोन-तीन वर्षं त्या घरात इतकं जपून वागणं चाललं होतं, की थोरलीला डोळे वटारल्याचाही आवाज ऐकू यायला लागला होता.

"ताई, एवढी साफ करून देशील?" धाकटी म्हणाली. "संध्याकाळी त्याची आजी येणार आहे जेवायला. अंगठी मूळची तिचीच. आणि हिचा अवतार बघ."

"अगं, सोनाराकडे टाक की," आई घाईघाईने म्हणाली. "हिला कशाला उगाच त्रास?"

"मला वेळ नाही सोनाराकडे जायला."

'त्रास' हा शब्द थोरलीच्या कानात खड्यासारखा जाऊन बसला. तिने गाळणं ठेवलं, हात पुसले आणि अंगठी उचलून उजेडात धरली. अवतारच होता खरा. धाकटी केस कापायच्या सलूनमध्ये कामाला. दिवसभर हात शाम्पूत, रंगात, कसल्याकसल्या क्रीममध्ये. ते सगळं खड्याच्या खाली जाऊन थापलं गेलं होतं. हिऱ्याला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसत होतं.

"कामाला जाताना काढून ठेवत जा," थोरली म्हणाली. "दुपारी करते. दवाखान्यात येऊन घेऊन जा."

थोरलीने अंगठी रुमालात गुंडाळली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चहा न पिताच बाहेर पडली. रस्त्यात तिने पर्स चार वेळा चाचपली.

थोरली दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस होती. अवजारं धुणं, ट्रे लावणं, पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीने ओढून घेणं, रडणाऱ्याचा खांदा धरणं, ही तिची कामं. हात चपळ होते. ते मोकळे राहिले की तिला सुचेनासं व्हायचं, म्हणून ती ते मोकळे ठेवतच नसे. त्या दिवशी मात्र हात कामात असूनही जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा चुकीचा चिमटा पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

दुपारी बाई जेवायला वर आपल्या घरी गेल्या आणि दवाखाना रिकामा झाला. थोरलीने दार लोटून घेतलं.

आधी तिने बेसिनच्या भोकाला बूच लावलं. मग भिंग लावलेला चष्मा चढवून, चिमट्याच्या टोकाने खडा हळूच हलवून पाहिला. त्याला धरून ठेवणाऱ्या चार बारीक नख्यांपैकी एक थोडी उचललेली वाटत होती. खडा हलत नव्हता, पण अवजारं धुवायच्या मशीनमध्ये अंगठी टाकायचा विचार तिने तिथेच सोडला. त्या मशीनची थरथर घट्ट बसलेल्या वस्तूला ठीक, ढिल्या खड्याला नाही. तिने वाटीत कोमट पाणी घेतलं, भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकले, अंगठी बुडवली आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. बसवेना, म्हणून उठली. ट्रे पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन तिने खालच्या बाजूने घासायला सुरुवात केली. राखाडी, चिकट काहीतरी सुटून पाण्यात उतरलं. पाणी बदललं, पुन्हा घासलं. तिसऱ्या पाण्याला खड्याने डोळा उघडला. मऊ फडक्याने टिपून तिने अंगठी दिव्याखाली धरली, तर छतावर ठिपक्यांची पळापळ.

आणि मग, खरंच काही न ठरवता, तिने ती बोटात घातली.

तिची स्वतःची साखरपुड्याची अंगठी होती तेव्हा तिला ती धुवायची वेळच आली नव्हती. मळायच्या आतच ती परत गेली. 'आपलं नाही जमणार' एवढं एक वाक्य फोनवर, आणि पलीकडून फोन बंद. थोरलीने अंगठी पाकिटात घातली, वर पत्ता लिहिला, पाठवून दिली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर हजर. सगळे म्हणाले, केवढी धीराची पोरगी! त्यानंतर त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही.

हात लांब करून तिने बोट पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग स्वतःचीच लाज वाटून अंगठी काढायला गेली.

अंगठी निघेना.

आत जाताना बोटावरच्या साबणाच्या ओलाव्यावर घसरत गेली होती. आता सांध्यापाशी येऊन हटून बसली. थोरलीने ओढली, फिरवली. साबण लावला. गार पाण्याखाली हात धरला. हात डोक्यावर उंच करून दवाखान्यात फेऱ्या मारल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. जितकी ओढाताण केली तितकं बोट फुगत गेलं आणि लालबुंद झालं. खडा मात्र आता असा लखलखत होता, की बघवत नव्हता.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दुपारचा पहिला पेशंट, मागोमाग डॉक्टरीणबाई. थोरलीने घाईने हातमोजा चढवला. खड्याने तो टर्रकन फाटला. तिने त्यावर दुसरा चढवला.

पेशंट एक जाडजूड मास्तर होते. आ वासून पडल्या पडल्या त्यांची नजर थोरलीच्या बोटावरच्या टेंगळावर खिळली. नळी धरून तिने हात जरा खाली घेतला, तर नळी त्यांच्या गालाला चिकटून फुर्र करून बोलली.

"लक्ष कुठाय?" बाई म्हणाल्या.

"इथेच आहे, मॅडम."

"आँ आँ," मास्तर तिच्या बोटाकडे बघून म्हणाले.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं. मास्तरांनी मान हलवली आणि पुन्हा बोटाकडेच डोळे वळवले. थोरलीला वाटलं, फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. बोट मोज्याच्या आत ठणकत होतं. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम रेंगाळतंय असं एकदा वाटे, आणि पुढच्याच क्षणी पळत सुटलंय असं.

मास्तर गेले. बाईंनी मोजे काढले, हात धुतले आणि शांतपणे म्हणाल्या, "दाखव."

थोरलीने हात पुढे केला.

"हे काय?"

"बहिणीची अंगठी. धुतली."

"बोटात घालून धुतात?"

बाईंनी बोट दाबून पाहिलं. "बोट अजून गरम आहे, ठीक आहे. पण निळं पडायला लागलं तर मी थांबणार नाही हं. अंगठी कापायची."

"नाही! मॅडम, कापायची नाही. त्याच्या आजीची आहे. संध्याकाळी ती येणार आहे."

"मग आजी तुझं बोट कापेल," बाई म्हणाल्या. पण थोरलीचा चेहरा पाहून त्यांनी थट्टा आवरती घेतली. "अगं, दोरा गुंडाळून बघू. तो दात साफ करायचा घे, मेणाचा. घसरतो छान."

थोरलीने दोऱ्याची डबी हातात घेतली, तोच दार उघडलं. धाकटी होती. लवकर सुटून आली होती. "झाली का, ताई?" म्हणत आत आली आणि बोट बघून जागीच थांबली.

बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मी जरा वर फोन करून येते," असं म्हणून त्या गेल्या.

"तू घातलीस?" धाकटीने विचारलं.

"घातली. अडकली. आता हस एकदाची."

धाकटी हसली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या तोंडावर हळूहळू आईचं तोंड उमटलं, ते जपून बोलणारं, पाय न वाजवणारं.

"ते तोंड करू नकोस," थोरली म्हणाली.

"कुठलं?"

"हेच. आजाऱ्याच्या खोलीत शिरताना करतात ते."

धाकटीने स्टूल ओढलं, ताईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि चिमट्याने दोऱ्याचं एक टोक अंगठीच्या खालून तळव्याकडे सरकवलं. मग उरलेला दोरा सांध्यावरून घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायला लागली. केसांच्या बटा गुंडाळून गुंडाळून तिची बोटं सरावलेली होती.

"दुखतंय?"

"दुखू दे. तुझं लग्न ठरलंय हे मला कुणी सांगितलं, माहितीये? शेजारच्या काकूंनी. जिन्यात. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मला साधा कठडासुद्धा धरता आला नाही."

"मी सांगणारच होते."

"कधी? पोरं झाल्यावर?"

"हलू नकोस!" धाकटीने वेढा आवळला. "आणि तू गं? तू बोललीस का कधी एक शब्द? तो गेला, तू पाकीट चिकटवलंस आणि कामाला गेलीस. आम्ही काय समजायचं? मी तुझ्या खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. वाटायचं, नुसती हाक मारली तरी ही फुटेल."

"मग फुटले असते! काय बिघडलं असतं?"

"मला काय माहीत काय बिघडलं असतं! मी घाबरले होते."

थोरलीला उठून जावंसं वाटत होतं, दार आपटावंसं वाटत होतं. पण बोट दोऱ्यात, दोरा धाकटीच्या मुठीत. उठणार कशी? कितीतरी दिवसांनी दोघी बहिणी एकमेकींच्या इतक्या जवळ बसल्या होत्या, आणि तेही पळता येत नव्हतं म्हणून.

"सोनाराकडे जायला वेळ नव्हता, म्हणे," थोरली पुटपुटली. "फुकटची धुणारी घरात आहे, मग काय."

धाकटीचे हात थांबले. "काल मी सोनाराच्या दुकानावरूनच घरी आले, ताई. दुकान उघडं होतं. मुद्दाम नाही दिली." "कपडे, पाहुणे, सगळं तुझ्यापासून लपवून चाललंय. आई फोनवर बोलते तेही न्हाणीघरात जाऊन. मला वाटलं, निदान ही एक गोष्ट तरी तुझ्या हातून जाऊ दे."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. धाकटीच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. थोरलीने मोकळ्या हाताने कापूस घेतला आणि तिचं नाक पुसलं, जरा जोरातच.

"ओढ आता," ती म्हणाली.

धाकटीने तळव्याकडचं टोक धरून दोरा सोडवायला सुरुवात केली. एकेक वेढा सुटत गेला आणि अंगठी केसाकेसाने पुढे सरकली. सांध्यावर येऊन थांबली. थोरलीने डोळे गच्च मिटले, दातांवर दात दाबले. कातडी सोलवटली, रक्ताचा एक थेंब आला, आणि अंगठी सुटून जी उडाली ती थेट वाटीतल्या मळक्या पाण्यात.

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. आधी धाकटीला हसू फुटलं, मग थोरलीला. थोरलीचं हसू मध्येच कुठेतरी रडण्यात गेलं, आणि ते बराच वेळ आवरलं नाही. धाकटी या वेळी दाराशी थांबली नाही. तशीच तिला धरून बसली. बाई खाली आल्या, दोघींना पाहून पुन्हा वर गेल्या.

अंगठी पुन्हा धुवावी लागली. त्या वेळी थोरलीने धाकटीला भिंगातून ती उचललेली नखी दाखवली आणि बजावलं, "उद्या ही सोनाराकडून दाबून घे. आणि कामावर घालायची नाही. ऐकतेस का?"

"ऐकते गं."

संध्याकाळी नवरदेवाबरोबर त्याची आजी आली. बुटकी, खणखणीत आवाजाची बाई. जेवणं झाल्यावर तिने धाकटीचा हात ओढून दिव्याखाली नेला. "अगंबाई! माझ्या बोटात ही कधी अशी चमकली नाही. कुणी धुतली?"

"बाहेर दिली होती..." आई लगबगीने म्हणाली.

"मी धुतली," थोरली म्हणाली. "धुतली आणि घालून पाहिली. अडकून बसली. म्हणून ही पट्टी."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. आजीने थोरलीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी जाऊ पण एकदा घालून बसली होती. तुझी निदान अडकली तरी. तिला काढायचीच नव्हती!"

सगळ्यात मोठ्याने धाकटी हसली. नवरदेवाने दचकून तिच्याकडे पाहिलं.

पाहुणे गेल्यावर थोरली भांडी विसळायला उभी राहिली. पट्टी भिजली, बोट चुरचुरायला लागलं. आई शेजारी येऊन उभी राहिली, ताटं पुसायला लागली. एक ताट पुसून झालं तरी ती तेच पुसत होती. थोरलीला वाटलं, आता ही म्हणणार, पाहुण्यांसमोर कशाला बोललीस.

"त्याने," आई ताटाकडे बघत म्हणाली, "नेमकं सांगितलं तरी काय होतं गं तुला? तेव्हा?"

थोरलीने नळ बंद केला. हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. उत्तर पाठ असेल असं तिला वाटायचं, पण आता सुरुवात कुठून करावी ते सुचेना. ओल्या हातांचं काय करावं तेही कळेना. तिने ते आईच्याच पदराला पुसले.

"आधी त्याचा फोन आला," ती म्हणाली. "मी बसची वाट बघत उभी होते."

आईने ताट खाली ठेवलं आणि स्टूल पुढे ओढलं.