दारामागचा आवाज

वलगावात संघपाल मेजरचं घर कोणीही डोळे मिटून दाखवेल. मेजर म्हणजे हुद्दा नव्हे बरं; तो निवृत्त झाला हवालदार म्हणून. पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, आणि त्याच्या घरी कँटीनची स्वस्त बाटली मिळते, हेही गावाला पाठ असतं. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळची पहिली खुर्ची मेजरची. शनिवारी संध्याकाळी गोड बोलत बाटली मागायला यायचं तेही मेजरकडेच. त्या घरात दार लावल्यावर काय चालतं, हे विचारायला मात्र कोणाला सवड नव्हती.

त्या संध्याकाळी भावनानं कुकर चढवला होता. नवरा घरी यायच्या आत भात होईल असा तिचा अंदाज. तो चुकला. संघपाल येऊन खाटेवर पेला घेऊन बसला आणि कुकरनं फर्रकन शिटी मारली. तो असा दचकला की पेला अंगावर सांडला.

"मी घरी असताना कुकर लावू नको म्हून कितीक खेप सांगितलं तुले?"

"तुमी येवाच्या आंधी होईन वाटलं..."

संघपाल उठला. आधी त्यानं दाराची कडी लावली. त्याची आई केशरबाई कोपऱ्यात तूरडाळ निवडत बसली होती. कडी लागली की पुढे काय होतं ते तिला माहीत होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मालिकेतल्या बाया तारस्वरात भांडू लागल्या. त्या भांडणाखाली भांडी आदळली, भावनाच्या कानशिलावर बसलेल्या चापटीचा आवाज दबला, आणि तिचं डोकं स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर आपटलं तेही दबलं. केशरबाई पडद्याकडे बघत राहिली. मालिकेत काय चाललं होतं म्हणून विचाराल तर तिला एक अक्षर सांगता आलं नसतं.

नंतर तिनंच सुनेच्या कपाळावर हळद दाबली. "कोनी विचारलं तं न्हानीत घसरली म्हून सांग."

"दर खेपी न्हानीतच घसरू काय, आत्याबाई? या कानात सारखं सूंऽऽ वाजून राह्यलं."

"सोस माय थोडं. फौजी मानूस हाय. डोकं गरम राह्यतेच."

केशरबाई वाईट बाई नव्हती. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून तिनं हा पोरगा वाढवला. तो पहिल्यांदा वर्दीत घरी आला, त्या दिवशी ज्यांच्या वावरात ती राबली ते पाटीलसुद्धा ओट्यावर येऊन बसले होते. तिथं सीमेवर त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या सोबत्याच्या चिंधड्या उडाल्या, हे तिला ठाऊक होतं. झोपेत तो त्याच सोबत्याला हाका मारायचा. पोरगा देशासाठी मोडला, मग घरानं सोसायला नको काय? असा तिचा हिशेब होता. सोसत होती सून, हे त्या हिशेबात कुठं धरलेलं नव्हतं!

पुढच्याच आठवड्यात अमरावतीला माजी सैनिकांचा मेळावा भरला. केशरबाईचा तिथं सैनिकमाता म्हणून सत्कार होता. सगळं घर गेलं. मंडपाच्या कडेनं टेबलं मांडलेली. कुठं पेन्शनच्या तक्रारी, कुठं मुलांच्या शिक्षणाची मदत. संघपाल जुन्या सोबत्यांच्या घोळक्यात शिरला, तेव्हा भावना आपल्या छोट्या लेकीला, खुशीला घेऊन आरोग्याच्या टेबलाशी गेली. कानाचं काही होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. केशरबाई मागोमाग गेलीच. सून काय बोलेल याचा भरवसा नव्हता.

टेबलामागे नीलम सिस्टर होत्या. अकोल्याच्या. लष्करी इस्पितळात उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. त्यांनी कान पाहिला, कपाळ पाहिलं, मग दंडावरचे हिरवे-निळे डागही पाहिले.

"काय झालं, ताई?"

"न्हानीत घसरली," केशरबाई म्हणाली.

"मी ताईले विचारलं, माय," सिस्टर म्हणाल्या.

भावनाच्या डोळ्यांना धार लागली. सिस्टरांनी केशरबाईला खुर्ची सरकवली. "पोरगा झोपत नसन. शिटीनं, फटाक्यानं दचकत असन. दारू वाढली असन. बराबर?"

"तुमाले कसं मालूम?"

"जनम गेला माहा त्याच्यात. हा आजार हाय, माय. त्याले डॉक्टर हाय, औषध हाय, आपल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात सोय हाय. त्यात लाजाचं काय?"

"मंग मी तेच म्हनतो ना! फौजी मानसाचं डोकं गरम राह्यते."

"मी बी फौजीच हाय. मीनं कोनाले मारलं पाह्यजे, सांगा!" सिस्टर जरा पुढे झुकल्या. "मले एकच सांगा. तो सरपंचाले मारते काय?"

"नाई."

"कँटीनची बाटली मांगाले जे येते त्याइले?"

"नाई वो."

"मंग बायकोले माराच्या आंधी तो दाराची कडी लावते का नाई?"

केशरबाईनं पदर सावरून सुनेकडे पाहिलं.

"आजाराले कडी लावता येत नाई, माय! दचकनं त्याच्या हातात नाई. कडी त्याच्या हातात हाय. आजाराचा इलाज करा, पन माराले आजार म्हनू नोका. तशानं आजार बी बरा होत नाई आन् मार बी थांबत नाई."

केशरबाईला राग आला. ही कोण कुठली अकोल्याची बाई, आपल्या पोराला नावं ठेवणारी! ती तणतणत उठली. सिस्टरांनी भावनाच्या मोबाइलमध्ये आपला नंबर घालून दिला, तेवढ्यात मंचावरून केशरबाईचं नाव पुकारलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, टाळ्या पडल्या. संघपालनं खाली उभं राहून आईला कडक सॅल्यूट ठोकला. केशरबाईचं काळीज भरून आलं. कडीची गोष्ट मात्र चपलेतल्या खड्यासारखी टोचत राहिली.

दिवस मावळताना ते वलगावला परतले. वेशीवर पोरांनी मेजरच्या स्वागताची जय्यत तयारी केली होती. गुलाल, ढोल, आणि हौसेला मोल नसतं म्हणून सुतळी बॉम्ब! ज्याचा सोबती स्फोटात गेला, त्याच्या स्वागताला सुतळी बॉम्ब! पहिला बार उडाला आणि संघपाल क्षणात रस्त्यावर पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. कोणाला कळेना. मग एक पोरगा फिसकन हसला, आणि बाकीचेही हसले.

संघपाल उठला. शर्टाची धूळ झटकली. हसणाऱ्या पोरांना त्यानं हात जोडले. स्वतःही हसला. कोणाला बोटही लावलं नाही.

केशरबाईनं हे सगळं पाहिलं.

घरी पोहोचताच त्यानं कडी लावली.

"तू हसली. मीनं पाह्यलं, तू हसली!"

"नाई वो खुशीचे बाबा, मी काहून हसू?"

पट्टा निघाला. बकलाचा पहिला तडाखा भावनाच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. ती चुलीच्या कोपऱ्याकडे सरकली, तसं त्यानं तिला केसांना धरून मधोमध ओढलं. लाथ पोटात बसली. तिच्या तोंडातून रक्त आलं. "हसते! साऱ्या गावासंग हसते!" पट्टा हातातून सुटला, तसा त्याचा हात टेबलावर गेला. तिथं सत्काराचा नारळ होता. त्यानं तो उचलला, भावनाच्या डोक्यावर धरला.

एकाएकी टीव्ही मोठ्या आवाजात सुरू झाला.

केशरबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. रिमोट खुशीकडे होता. पोर भिंतीला टेकून उभी राहून पडद्याकडे बघत होती. रडत नव्हती, काही नाही. आजी रोज करते तेच काम आज तिनं केलं होतं. अरे देवा! आपण ह्या लेकराला हे शिकवलं?

केशरबाईनं रिमोट हिसकून टीव्ही बंद केला. घरात फक्त भावनाचं कण्हणं उरलं. इतकी वर्षं ह्याच घरात होतं ते, पण केशरबाईनं आज पहिल्यांदा ऐकलं. ती दाराकडे धावली आणि कडी काढली.

"माय, दार लाव!" संघपाल गरजला.

"नाई लावत!" तिनं दोन्ही फळ्या उघड्या टाकल्या आणि गल्लीत ओरडली, "या वो, या सारे! तुमचा मेजर पाहा! माहा पोरगा माह्या सुनेले जीवानं मारून राह्यला!"

त्यानं नारळ फेकला. तो केशरबाईच्या भुवईवर बसला. ती उंबऱ्यावर कोसळली, डोळ्यात रक्त उतरलं, पण दार तिनं धरूनच ठेवलं.

ओट्यावर शेजारचे रविकांत सर उभे होते, हातात कापडी पिशवी. शनिवार होता ना! ते गडबडले. "मेजर, अहो... केशरबाई, घरातली गोष्ट आहे, दार लोटून घ्या बरं आधी."

"सर!" केशरबाई रक्त पुसत म्हणाली, "आजपावतर इथून बाटली नेली. आज माही सून न्या दवाखान्यात!"

सरांची मान खाली गेली. त्यांनी पिशवी तिथंच टाकली आणि गाडी काढायला धावले. वेशीवर हसलेली पोरं धावत आली आणि त्यांनीच संघपालला धरलं. चौघांना तो आवरेना. मग अचानक मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. पोलीस येईपर्यंत रडतच होता.

भावना वाचली. डावा कान मात्र कायमचा गेला. दवाखान्यातूनच तिनं पोलिसांत जबाब दिला, आणि त्याच मोबाइलवरून नीलम सिस्टरांना फोन केला. न्हाणीचं नाव या वेळी कोणी काढलं नाही. त्या रात्रीनंतर संघपाल आईला पहिल्यांदा भेटला तो कोठडीत. "माय, तू मले गावात नागवं केलं."

"नाई रे बाप्पू. इतके दिवस तुले झाकलं, तेच चुकलं माहं."

खटला उभा राहिला. जामिनावर सुटल्यावर तो वलगावला आला नाही. सिस्टरांनी त्याच्या उपचाराची सोय अकोल्याला लावली. दारू सुटताना त्याचे हाल झाले. गावातले काही जण महिनाभर केशरबाईशी बोलले नाहीत. देशाचा शिपाई आईनंच तुरुंगात धाडला म्हणे! शनिवारची बाटली बंद झाल्याचं दुःख त्यात किती होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

थंडी सरता सरता एका दुपारी भावनाच्या परवानगीनं तो आला. सोबत नीलम सिस्टर होत्या. दार सताड उघडं होतं. भावना उंबऱ्यात बसली. तो खाली पायरीवर बसला आणि हलक्या आवाजात काही बोलला.

"या कानानं मले ऐकू येत नाई," भावना म्हणाली. "इकडून बोला."

तो जागचा उठून दुसऱ्या बाजूला बसला. "केस मांगं घेऊ नको," तो म्हणाला. "डॉक्टरनं मले विचारलं, कडी कोन लावत होतं? मी म्हनलं, मीच."

"घेतच नाई मी मांगं. खुशीले भेटा. पन इथंच, ओट्यावर."

तेवढ्यात आत कुकरची शिटी झाली. संघपालचं अंग ताठ झालं. त्यानं पायरीची कड घट्ट धरली, डोळे मिटले, सिस्टरांनी शिकवल्यासारखा सावकाश श्वास सोडला, आणि हात सैल केले. खुशी दाराआडून हे सगळं बघत होती. थोड्या वेळानं ती हळूच बाहेर आली आणि आजीच्या पदराशी उभी राहिली. बापाजवळ जायला तिला अजून वेळ लागेल. लागू दे.

वाचकहो, सैनिकाचा मान जरूर करा. शाल द्या, नारळ द्या, पण त्याच्या झोपेचीही विचारपूस करा, त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करा, आणि स्वागताला सुतळी बॉम्ब तेवढे लावू नका. मात्र त्याच्या पराक्रमाची किंमत त्याच्या बायकोच्या अंगातून वसूल होत असेल, तर ती झाकणारे आपणही त्या मारात वाटेकरी आहोत. कोणतीही वर्दी, कोणतंही पदक माणसाला घरात हात उगारायचा परवाना देत नाही! शेजारच्या घराची कडी लागून टीव्ही एकाएकी मोठा झाला, तर आपला टीव्ही बंद करा, उठा, आणि जाऊन दार वाजवा.