डब्यातलं जुळं जेवण

सांगतो ते तुम्हाला पटायचं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. आमच्या गावात एके काळी माणूस रस्त्यात जांभई द्यायचा आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबायच्या. जिभाच तशा लालभडक. सगळी करामत पुडीतल्या तळलेल्या चकत्यांच्या रंगाची. त्या रंगानं माझ्या लेकीच्या अंगावर गांधी उठायच्या. खाजवून खाजवून पोर रडकुंडीला यायची.

रंगाला आळा घालायचा, तर माणशी किती पोटात जातो ते आधी ठरवायला हवं. मी सरकारी अन्नखात्यात, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. वीस घरं निवडली. नियम सोपा: सात दिवस जेवढं तोंडात, तेवढंच तोलून सरकारी डब्यात. पुढचं प्रयोगशाळा बघेल.

पण डबा पडला पाहुणा. तो तपासायला नेणार म्हटल्यावर घरोघरी त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू झाला. डब्याला उकडलेलं गाजर, नवऱ्याला पुडी. मी हात जोडले. म्हटलं, ताई, खाता तेच घाला हो. ताई म्हणाल्या, आम्ही हेच खातो. बोलताना जीभ दिसली. मी दचकून जागच्या जागी थांबलो.

एकोणीस डब्यांचा निकाल आला: रंग शून्य. साहेबांना म्हटलं, खिडकीतून एक तरी जांभई बघा. ते म्हणाले, जांभई अहवालाला टाचून आण, मग बघतो. विसाव्या डब्यात रंग निघाला तर पुन्हा मोजणी. नाहीतर चकत्या खुशाल विका, असा शेरा.

आणि तो विसावा गडी. पठ्ठ्यानं डब्यात काय भरावं? वाफवलेला भोपळा. सातही दिवस. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू, त्याची गचांडी धरून भिंतीवर असा दाबला की भिंतीला पोक आलं. अजून आहे.

माझी लेक इतका वेळ कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. तिनं हातातली घडी मांडीवर ठेवली.

"गचांडी कुणाची धरलीत, बाबा? विसावं घर आपलंच होतं. आई डब्यात पुडी ओतत होती, तर साहेब काय म्हणतील म्हणून तुम्हीच तिचा हात धरलात. भोपळाही तुम्हीच आणलात."