उलटा बसलेला डायोड

मी तांदळाच्या दाण्याएवढा आहे, म्हणून माझं बोलणं जरा जवळ येऊन ऐका. अंग काळं, एका टोकाला पांढरी रेघ, दोन्हीकडे एकेक तार. मी एक डायोड. माझ्यातून वीज एकाच दिशेने जाते.

गोंदियाच्या बाजारातून मी केशोरीला रेणूच्या डब्यात आलो. रेणू आयटीआय शिकलेली. त्याच आठवड्यात रानमांजराने तिच्या सासूचं, देवकाबाईंचं खुराडं फोडलं. चिचगडच्या माहेराहून आणून तीस वर्षं जपलेली कोंबड्यांची जात एका फटक्यात संपली. उरली टोपलीतली अठ्ठावीस अंडी, आणि ती उबवायला एकही कोंबडी नाही.

रेणूने थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावला. ऊब मोजायला छोटा बोर्ड घेतला. बल्ब चालू-बंद करायला रिले. रिलेच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं; त्यात वीज गेली की ते चुंबक होऊन बल्बची कळ ओढतं. तेवढी वीज द्यायचं बळ बोर्डात नाही. थेट जोडला तर बोर्डच जळायचा. म्हणून रेणूने मधे ट्रान्झिस्टर बसवला. बोर्डाने एका रेझिस्टरमधून हलका इशारा करायचा, वेटोळ्याला वीज द्यायचं काम ट्रान्झिस्टरने करायचं. आणि वेटोळ्याच्या दोन टोकांवर मला उलटा बसवलं, पांढरी रेघ प्लसकडे.

टक्. रिले ओढला गेला, बल्ब लागला. मी नुसता बसून. पुन्हा टक्, रिले सुटला, आणि त्या क्षणी वेटोळ्याने साठवलेला सगळा जोर बाहेर फेकला. तो ट्रान्झिस्टरवर जाऊन आदळला असता. मी त्याला माझ्यातून वाट दिली. तो वेटोळ्यातच गोल फिरला आणि विरला. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं शांत. एवढ्याशा तारेत एवढा जोर कुठून येतो, मला अजून कळलेलं नाही.

चौदाव्या दिवशी रेणूचा नवरा उमेंद्र फवारणी पंपाचा चार्जर उघडून बसला. त्याला डायोड हवा होता. रेणू धानाच्या बांधीवर गेलेली. त्याने पेटीवरचं झाकण काढलं, मला पाहिलं.

"हा तं उलटाच बसून राहिला. काईच करत नाही."

त्याने मला उपटून चार्जरमध्ये लावलं. पेटी चालूच राहिली, म्हणून तो निर्धास्त. चार्जर त्याच खोलीत खिळ्याला टांगलेला. तिथून मी रिलेची टक्-टक् ऐकायचो, आणि प्रत्येक दुसऱ्या टक्‌ला तो जोर आता थेट ट्रान्झिस्टरवर आदळायचा.

तिसऱ्या दुपारी टक् झालं, बल्ब लागला. दुसरी टक् आलीच नाही. ट्रान्झिस्टर आतून जळून कायमचा चालू राहिला होता; बोर्ड थांब म्हणत होता, पण रिले सुटत नव्हता. पेटी तापत चालली. मी ओरडणार कसा?

देवकाबाईंचा बोर्डावरच्या आकड्यांवर विश्वास नव्हता. रोज दुपारी त्या ऊब जोखायला एक अंडं मिटलेल्या डोळ्यावर टेकवून पाहत. त्या दिवशीही टेकवलं.

"रेणू, चटका देऊन राहिलं व अंडं."

रेणूने धावत येऊन प्लग उपटला, झाकण उघडलं. माझी जागा रिकामी.

"इथला डायोड कुठं गेला जी?"

उमेंद्रने मान खाजवली. "तो रिकामाच बसला होता ना."

"जेवल्यावर तुमीबी रिकामेच बसता. काढू का घरातून?"

देवकाबाई हसल्या नाहीत. त्या एकेक अंडं डोळ्याला लावून परत ठेवत होत्या.

रेणूने नवा ट्रान्झिस्टर लावला, मला परत आणलं. पुढचे चार दिवस देवकाबाई दिवसातून दोनदा अंडं डोळ्याला लावू लागल्या.

एकविसाव्या सकाळी एक टक् ऐकू आली. ती रिलेची नव्हती. अंड्याला आतून चोच लागली होती. मग दुसऱ्या अंड्याला, मग तिसऱ्याला. एकोणीस पिल्लं निघाली. देवकाबाईंनी पहिलं पिल्लू ओलंच गालाला लावलं. मी रिलेचा तेवढा जोर सोसलेला, पण त्या कोवळ्या चोचीपुढे थक्क होऊन बसलो.

आज पेटीत त्याच जातीची अंडी आहेत, मीही तिथेच, उलटा. कुणाच्या पेटीत माझं भावंड असंच बसलेलं दिसलं, तर त्याला हलवू नका. दुसरी टक् झाली की त्याचं काम असतं.